फेकणारा खांदा, आवरणारा खांदा

सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे केलेली चेंडूची फेक, व्हॉलीबॉलमधला जोरकस फटका, बॅडमिंटनचा स्मॅश, टेनिसची सर्व्हिस, भालाफेक, हँडबॉलमध्ये गोलवर मारलेला चेंडू. खेळ वेगवेगळे असले तरी या सर्वांत हात खांद्याच्या वर जातो, मागे झुकतो आणि मग विलक्षण वेगाने पुढे व खाली येतो. अशा खेळाडूंमध्ये खांदेदुखी इतकी सर्रास आढळते की कित्येकांना ती खेळाचाच भाग वाटते. नॉर्वेमध्ये हँडबॉलच्या २०६ अव्वल पुरुष खेळाडूंची एका हंगामभर पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. हंगामातल्या कोणत्याही वेळी सरासरीने २८ टक्के खेळाडूंना खांद्याचा काही ना काही त्रास होता, असे त्यात दिसले.

शाळेत ही तक्रार प्रथम येते ती शिक्षकांकडे. 'सर, खांदा दुखतोय' असे एखादा मुलगा म्हणतो, आणि त्याला ठरावीक दोन उत्तरांपैकी एक मिळते. पहिले उत्तर म्हणजे 'सवय नाही म्हणून दुखतो, खेळून खेळून जाईल.' दुसरे म्हणजे 'खांदा कमजोर आहे, ताकद वाढव.' पहिले उत्तर धोक्याचे आहे. दुसरे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे कोणते, हे गेल्या दहाबारा वर्षांतल्या संशोधनाने बरेच स्पष्ट केले आहे. ते समजून घेण्यासाठी आधी खांद्याची रचना पाहू.

चमच्यातले लिंबू

कमरेचा सांधा आणि खांद्याचा सांधा हे दोन्ही उखळीचे सांधे, असे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. ते बरोबरच आहे. परंतु दोन्ही उखळींत मोठा फरक आहे. कमरेची उखळ खोल असते. मांडीच्या हाडाचे गोल डोके तिच्यात चांगले आत बसलेले असते. खांद्याची उखळ मात्र उथळ, जवळजवळ बशीसारखी. दंडाच्या हाडाचे डोके तिच्या मानाने खूपच मोठे. कोणत्याही क्षणी या डोक्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा उखळीला टेकलेला असतो.

शाळेच्या स्नेहसंमेलनातली लिंबू-चमचा शर्यत आठवा. चमच्यात लिंबू जसे नुसते टेकलेले असते, तसेच दंडाच्या हाडाचे डोके या उखळीत असते. शर्यतीत लिंबू पडू नये म्हणून आपण काय करतो? लिंबू जिकडे कलेल तिकडे चमचा किंचित वळवतो. खांद्यातही अगदी हेच घडते. ही उखळ ज्या हाडाचा भाग आहे, ते पाठीवरचे त्रिकोणी सपाट हाड म्हणजे खांद्याचा फरा, अर्थात स्कंधास्थी. फरा पाठीच्या फासळ्यांवरून सरकत राहतो आणि हात जिकडे जाईल तिकडे उखळीचे तोंड फिरवतो. हात वर उचललेल्या मित्राच्या पाठीवर तळवा ठेवून पाहा, फरा सरकताना हाताला स्पष्ट कळतो.

लिंबाला चमच्यात दाबून धरणारे काही असते, तर शर्यत फारच सोपी झाली असती. खांद्यात तशी सोय आहे. फऱ्यापासून निघालेले चार स्नायू आपल्या कंडरांनी दंडाच्या हाडाच्या डोक्याला पुढून, वरून आणि मागून वेढतात. सदऱ्याची बाही मनगटाला जशी वेढते तसेच. डोके उखळीत दाबून धरणे हे त्यांचे पहिले काम. दुसरे काम म्हणजे दंड स्वतःच्या अक्षाभोवती फिरवणे.

खोल उखळीची मजबुती सोडून देऊन खांद्याने काय मिळवले? हालचालीचे स्वातंत्र्य. २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात नील रोच आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या फेकण्याच्या क्षमतेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. चिंपांझी माणसाहून कितीतरी बलवान. पण त्याने फेकलेल्या वस्तूचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपासच असतो. बेसबॉल खेळणारा बारा वर्षांचा मुलगा त्याच्या सुमारे तिप्पट वेगाने चेंडू फेकतो. रोच यांच्या मते हे शक्य होते ते हात मागे झुकवताना खांद्याभोवतीचे अस्थिबंध आणि कंडरा ताणल्या जातात म्हणून. बेचकीच्या रबरात साठते तशी त्यांच्यात ऊर्जा साठते आणि पुढच्या क्षणी एकदम मोकळी होते. सुमारे वीस लक्ष वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजांमध्ये या क्षमतेला लागणारी शरीररचना एकत्र आली असावी, असे ते म्हणतात.

गती देणारे आणि गती आवरणारे

आता एक छोटी कृती करू. कोपर बरगडीला टेकवा आणि काटकोनात वाका, म्हणजे पंजा समोर येईल. कोपर न हलवता पंजा पोटाकडे न्या. दंड स्वतःच्या अक्षाभोवती आत फिरला. आता पंजा बाहेर न्या. दंड बाहेर फिरला. फेकण्याच्या क्रियेत हात मागे झुकतो तेव्हा दंड बाहेरच्या दिशेने फिरतो, आणि फेक करताना आतल्या दिशेने.

आत फिरवणाऱ्या स्नायूंची यादी मोठी आहे. छातीवरचा मोठा स्नायू, पाठीवरचा रुंद स्नायू, फऱ्याच्या आतल्या पृष्ठभागावरचा स्नायू असे बळकट गडी त्यात आहेत. बाहेर फिरवण्याचे काम मुख्यतः फऱ्याच्या मागच्या बाजूच्या दोन लहान स्नायूंवर येते. साहजिकच दोन्ही ताकदी समान नसतात. प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर मोजले तर बाहेर फिरवण्याची ताकद आत फिरवण्याच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरते.

मग या दुबळ्या बाजूचे फेकण्यात काम तरी काय? चेंडू हातातून सुटला की चेंडूची गोष्ट संपते, हाताची संपत नाही. हात अजून प्रचंड वेगात असतो आणि सेकंदाच्या छोट्याशा अंशात तो थांबवायचा असतो. आत फिरणाऱ्या हाताला आवरायचे काम बाहेर फिरवणाऱ्या स्नायूंचे. म्हणजे पुढचे स्नायू हे इंजिन आणि मागचे स्नायू हा ब्रेक.

ब्रेकचे काम विशेष कष्टाचे असते. विहिरीतून भरलेली बादली वर ओढताना दंडाचे स्नायू आखडत जातात. तीच बादली हळूहळू खाली सोडताना स्नायू लांबत जातात, पण ताण सोडत नाहीत. अशा लांबत जाणाऱ्या आकुंचनात स्नायू जास्त जोर सहन करू शकतो, परंतु त्याच्या तंतूंची झीजही जास्त होते. सिंहगड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरण्यामुळे. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंनी प्रत्येक पावलाला शरीराचे वजन आवरलेले असते. खांद्याच्या मागचे स्नायू प्रत्येक फेकीनंतर असाच एक लहानसा गड उतरत असतात.

गोफणीचा वेग

हा वेग किती असतो? याची सर्वांत बारकाईने केलेली मोजमापे अमेरिकेत बेसबॉलच्या गोलंदाजांवर झाली आहेत. बेसबॉलचा गोलंदाज चेंडू सरळ खांद्यावरून फेकतो. क्रिकेटमधल्या गोलंदाजीपेक्षा त्याची क्रिया सीमारेषेवरून चेंडू फेकणाऱ्या क्षेत्ररक्षकाशी अधिक मिळतीजुळती असते. प्रौढ, कसलेल्या गोलंदाजाचा दंड आतल्या बाजूला फिरतो तेव्हा त्याचा सर्वाधिक कोनीय वेग सेकंदाला सुमारे ७००० अंश असतो. ३६० अंशांनी भागले तर सेकंदाला एकोणीसहून अधिक फेरे होतात. छताचा पंखा पूर्ण वेगात सेकंदाला साधारण सहा फेरे घेतो. म्हणजे पंख्याच्या तिप्पट वेग! अर्थात दंड पूर्ण फेरा घेत नाही. अर्ध्या फेऱ्याच्याही आत त्याला हा वेग गाठून पुन्हा थांबायचे असते, आणि हीच खरी अडचण आहे.

ग्लेन फ्लायसिग आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली अशा गोलंदाजांच्या खांद्यावर येणाऱ्या बलांचे गणित मांडले. चेंडू सुटल्यानंतर लगेच हात खांद्यातून निसटून जाऊ नये म्हणून त्याला उखळीत धरून ठेवण्यासाठी सुमारे १०९० न्यूटन बल लागते. ९.८ ने भागले तर हे सुमारे १११ किलोग्रॅम वजनाइतके झाले. गोफण फिरवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाताला दगड जसा बाहेर ओढतो, तसा इथे आपलाच हात खांद्याला ओढत असतो. आणि गोफण आवळून धरणारी मूठ म्हणजे ते चार स्नायू.

हा सगळा वेग खांद्यात तयार होत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. फेक सुरू होते पायांपासून. तिथून गती कमरेत, कमरेतून धडात, धडातून खांद्यात, मग कोपरात आणि शेवटी मनगटात जाते. आसुडाच्या दांड्यापासून टोकापर्यंत जावी तशी. टेनिसच्या सर्व्हिसमध्ये निम्म्याच्या आसपास ऊर्जा पाय आणि धड पुरवतात, असे मानले जाते. पाय न रोवता नुसत्या हाताने चेंडू फेकणारा मुलगा ही उणीव खांद्याकडून भरून काढतो.

हाडात उमटलेले बालपण

नियमित फेकणाऱ्या खेळाडूंचे दोन्ही खांदे तपासले तर एक गंमत आढळते. फेकणारा हात बाहेरच्या दिशेने जास्त फिरतो आणि आतल्या दिशेने कमी. दोन्हींची बेरीज मात्र दुसऱ्या हाताइतकीच असते. जणू सगळे वर्तुळखंडच थोडे मागे सरकवले आहे. पूर्वी याचे कारण केवळ ताणलेले अस्थिबंध मानले जाई. आता कळते की या फरकाचा मोठा भाग हाडातच असतो. जन्मतः दंडाचे हाड मागच्या दिशेने बरेच पिळलेले असते. वाढत्या वयात हा पीळ हळूहळू कमी होत जातो. लहानपणापासून फेकणाऱ्या मुलात फेकणाऱ्या बाजूचा पीळ पुरेसा उतरत नाही. दोन दंडांत दहा अंशांचा किंवा त्याहूनही जास्त फरक राहतो, आणि तो जन्मभर टिकतो.

हा दोष नव्हे, ते शरीराने केलेले अनुकूलन आहे. परंतु त्यातून शिक्षकांनी घेण्याजोगा एक बोध आहे. मुलाचे हाड हे मोठ्या माणसाच्या हाडाची लहान आवृत्ती नसते, ते अजून घडत असते. दंडाच्या हाडाच्या लांबीतली सुमारे ८० टक्के वाढ खांद्याजवळच्या कूर्चेच्या पट्टीत होते. ही पट्टी किशोरवय सरेपर्यंत खुली असते आणि भोवतालच्या पक्क्या हाडापेक्षा नाजूक असते. मोठ्या माणसात अतिफेकीचा ताण स्नायूंवर आणि कंडरांवर दिसतो, तो मुलात या पट्टीवर येऊ शकतो. साधारण अकरा ते सोळा वयाच्या बेसबॉलपटूंमध्ये आढळणाऱ्या या दुखण्याला अमेरिकेत 'लिटल लीग शोल्डर' असे नावच पडले आहे. त्यावरचा मुख्य उपाय म्हणजे काही महिने फेक पूर्ण बंद ठेवणे. 'खेळून खेळून जाईल' हे उत्तर धोक्याचे का, ते यावरून कळेल.

अशक्त म्हणून दुखतो, की दुखतो म्हणून अशक्त?

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. ब्रेक कमजोर असेल तर खांदा दुखेल, हा तर्क सरळ वाटतो. खांदा दुखणाऱ्या खेळाडूंची मोजमापे घेतली की बाहेर फिरवण्याची ताकद बऱ्याचदा कमी भरतेही. पण एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. दुखऱ्या हाताने माणूस पूर्ण जोर लावतच नाही, त्यामुळे आकडा आपोआप कमी येतो. कोंबडी आधी की अंडे, हा प्रश्न उरतोच.

तो सोडवायचा तर खांदे दुखण्यापूर्वीच मोजले पाहिजेत, मग हंगामभर वाट पाहून कोणाचा खांदा दुखतो याची नोंद ठेवली पाहिजे. असे अभ्यास झाले. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल गोलंदाजांची ताकद हंगामापूर्वी मोजली होती. बाहेर फिरवण्याची ताकद कमी असणाऱ्यांना पुढे शस्त्रक्रिया लागेल अशी दुखापत होण्याचे प्रमाण अधिक आढळले. २०१० साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आरंभी उल्लेखलेल्या नॉर्वेच्या २०१४ सालच्या अभ्यासातही हीच कमजोरी धोक्याची खूण ठरली. प्रश्न सुटला असे वाटले.

मग त्याच नॉर्वेत पुढचे पाऊल टाकले गेले. ४५ संघांतील ६६० हँडबॉलपटू घेतले, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे संघांचे दोन गट पाडले. एका गटाला सरावापूर्वी दहा मिनिटांचे व्यायाम दिले, आठवड्यातून तीनदा. बाहेर फिरवणाऱ्या स्नायूंची ताकद, फऱ्याच्या स्नायूंची ताकद, खांद्याची आत फिरण्याची लवचीकता, पाठीच्या वरच्या भागाची लवचीकता, आणि पायांपासून हातापर्यंतचा मेळ असे त्यांत होते. दुसरा गट नेहमीसारखाच खेळला. २०१७ साली निकाल आला. व्यायाम करणाऱ्या गटात खांद्याच्या त्रासाचा धोका २८ टक्क्यांनी कमी होता.

परंतु विज्ञान एवढ्यावर थांबत नाही. ज्या ३२९ जणांना व्यायाम दिले नव्हते, त्यांची हंगामापूर्वीची मोजमापे संशोधकांकडे होती. २०१८ साली त्यांनी ती तपासली. कमी ताकदीच्या खेळाडूंना जास्त त्रास झाला का? नाही. आधीच्या अभ्यासात सापडलेला संबंध या वेळी सापडला नाही. ताकद वाढवणारे व्यायाम उपयोगी पडले, पण नुसत्या ताकदीच्या आकड्यावरून कोणाचा खांदा दुखेल हे सांगता आले नाही! आपल्याच आधीच्या निष्कर्षाला दुजोरा मिळाला नाही, हे त्या संशोधकांनी शीर्षकातच छापले. विज्ञान शिकवणाऱ्यांनी मुलांना आवर्जून सांगावी अशी ही गोष्ट आहे.

खांद्याच्या चित्रांचीही हीच कथा आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुळीच दुखत नसलेल्या २० अव्वल खेळाडूंच्या खांद्यांची एमआरआय चित्रे काढली. खेळणाऱ्या हाताच्या २० खांद्यांपैकी ८ मध्ये त्या चार स्नायूंच्या कंडरा अंशतः किंवा पूर्ण फाटलेल्या दिसल्या. पाच वर्षांनंतर विचारले, तेव्हाही त्यांतल्या कोणाला त्रास नव्हता. म्हणजे आकडा असो वा चित्र, ते एकटे असले की दुखण्याबद्दल फारसे सांगत नाही. दुसऱ्या कशाची तरी जोड हवी.

घाटातला ब्रेक

ती जोड कोणती, हे डेन्मार्कमधल्या अभ्यासाने दाखवले. तो आपल्याला अधिक जवळचा आहे, कारण त्यातले ६७९ हँडबॉलपटू १४ ते १८ वयाचे होते. ३१ आठवडे दर आठवड्याला प्रत्येकाने किती तास खेळ केला आणि काही दुखले का, याची नोंद ठेवली. हंगामाच्या आरंभी खांद्याची ताकद आणि फऱ्याची हालचालही तपासलेली होती. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

प्रत्येक आठवड्याच्या तासांची तुलना त्या खेळाडूच्या आधीच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी केली. वाढ ६० टक्क्यांहून अधिक असेल, तर खांद्याच्या दुखापतीचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. खरा मुद्दा त्यापुढे आहे. वाढ मध्यम, म्हणजे २० ते ६० टक्के असताना सुदृढ खांदे निभावून गेले; पण बाहेर फिरवण्याची ताकद कमी असलेल्यांत किंवा फरा नीट न सरकणाऱ्यांत दुखापतीचे प्रमाण चौपट ते पाचपटीपर्यंत गेले.

ब्रेक थोडे सैल झालेली गाडी सपाट रस्त्यावर महिनोन्महिने चालते, काही कळत नाही. घाट लागला की कळते. आणि उतार फारच तीव्र असेल तर चांगले ब्रेकही तापतात. खांद्याचे असेच आहे. अशक्तपणा एकटा दुखणे आणत नाही. अशक्तपणा आणि अचानक वाढलेला भार यांची गाठ पडली की दुखणे येते. आधीच्या अभ्यासांत एकदा संबंध दिसला, एकदा दिसला नाही, याचेही एक संभाव्य कारण हेच. त्यांत ब्रेक मोजले होते, घाट मोजलाच नव्हता.

'ताकद वाढव' या उत्तराचे राहिलेले अर्धे हेच आहे. ताकद मुलाच्या हाती, पण घाट कुठे आणि किती उताराचा, हे बहुतेक वेळा आपण मोठी माणसे ठरवतो.

घाट कोण आणतो?

आपल्या शालेय वर्षाकडे या दृष्टीने पाहू. मार्च-एप्रिल परीक्षेचे दिवस, मैदान बंद. मे उजाडला की क्रिकेटचे उन्हाळी शिबिर, सकाळ-संध्याकाळ सराव. आकडे घालून पाहू. एका मुलाने शिबिरापूर्वीच्या चार आठवड्यांत अनुक्रमे १२०, १००, ० आणि ० फेकी केल्या. सरासरी ५५. शिबिरात रोज फक्त ६० फेकी, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे ३००. वाढ २४५, म्हणजे सरासरीच्या सुमारे ४४५ टक्के! रोजच्या साठ फेकी कोणालाही जास्त वाटणार नाहीत. भार आकड्यात नसतो, तो आकड्याच्या उडीत असतो. जिल्हास्तरीय स्पर्धा पंधरा दिवसांवर आल्यावर जागे होऊन केलेला सराव हाही असाच घाट.

डेन्मार्कमध्ये तास मोजले होते, फेकी नव्हेत. त्यामुळे ६० टक्के ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. पण दिशा स्पष्ट आहे. क्रिकेटमधलाही एक पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातल्या अव्वल दर्जाच्या क्रिकेटपटूंच्या फेकी मोजून केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला ७५ हून अधिक फेकी करणाऱ्यांत हाताच्या दुखापतीचा धोका वाढलेला आढळला. हे कमावलेल्या शरीराचे प्रौढ खेळाडू होते.

अमेरिकेत मुलांच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये २००७ पासून गोलंदाजाने दिवसात किती चेंडू टाकायचे यावर मर्यादा आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलासाठी ती ८५ आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवशी ६६ किंवा अधिक चेंडू टाकले, तर त्याला पुढचे चार दिवस गोलंदाजी करता येत नाही. मर्यादेचा आकडा चर्चेचा विषय होऊ शकेल, मोजण्याची सवय मात्र वादातीत आहे.

वर्गात करून पाहा

बलाचे आघूर्ण शिकवताना पुढील प्रयोग चांगला जमतो. प्रयोगशाळेतला छोटा ताणकाटा पुरणार नाही. रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा घ्या. तो खिडकीच्या गजाला मनगटाच्या उंचीवर बांधा आणि हुकात कापडी पट्ट्याचे कडे अडकवा. मुलाने कोपर बरगडीला टेकवून, काटकोनात वाकवून, मनगट कड्यात घालायचे. खिडकी डाव्या बाजूला ठेवून उभे राहिले तर उजव्या हाताची बाहेर फिरवण्याची ताकद मिळते, खिडकी उजव्या बाजूला ठेवली तर आत फिरवण्याची. झटका न देता जोर हळूहळू वाढवायचा, तीन सेकंद टिकवायचा. प्रत्येक दिशेला तीनदा. ज्याचा खांदा दुखत असेल त्याने फक्त नोंदी लिहायच्या.

समजा काटा १० किलो दाखवतो आणि कोपरापासून कड्यापर्यंतचे अंतर २२ सेंटिमीटर आहे. बल १० × ९.८ = ९८ न्यूटन. आघूर्ण ९८ × ०.२२ = सुमारे २१.६ न्यूटन-मीटर. आता लांब हाताच्या आणि आखूड हाताच्या दोन मुलांचा काटा सारखाच आला, तर कोणाचे स्नायू अधिक जोर लावतात? मुलांना विचार करू द्या.

मग बाहेरच्या आकड्याला आतल्या आकड्याने भागा. यंत्र आणि हाताची स्थिती बदलली की हे गुणोत्तर बदलते. तुमच्या वर्गातले आकडे प्रयोगशाळेतल्यापेक्षा जास्तही येतील. त्यावरून कोणाचा खांदा 'वाईट' असे ठरवू नये. उलट एकाच मुलाच्या तीन वाचनांत किती फरक पडतो तिकडे लक्ष वेधा. वाचनेच एकमेकांपासून दहा-पंधरा टक्के दूर असतील, तर दोन मुलांतल्या पाच टक्के फरकाला काय अर्थ? मोजमापातील अनिश्चितता शिकवायला याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण.

मैदानावर

फेकीची नोंद ठेवणे हे पहिले काम. प्रत्येक मुलाच्या नावापुढे आठवड्याच्या फेकी किंवा सरावाचे तास लिहायला एक वही पुरते. गणितात रुची असलेल्या मुलावर हे काम सोपवावे, चार आठवड्यांची सरासरी तो आनंदाने काढेल. सुटीनंतर किंवा आजारपणानंतर येणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी इतरांइतका सराव देऊ नये. शिबिराच्या पहिल्या आठवड्यात क्षेत्ररक्षणाचा सराव जरूर घ्यावा, पण झेल, अडवणे आणि खालून केलेली जवळची फेक यांवर भर द्यावा. लांबच्या फेकी हळूहळू वाढवाव्यात.

ब्रेकची निगा राखायला महागडी साधने लागत नाहीत. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिडकीला बांधावी. कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये गुंडाळलेला टॉवेल धरून पट्टी बाहेर ओढावी. ओढताना एक सेकंद, परत येताना तीन-चार सेकंद. परत येण्याचा संथ भागच महत्त्वाचा, कारण ब्रेकचे काम तिथे होते. भिंतीला हात टेकवून जोर काढावेत आणि प्रत्येक जोराच्या शेवटी पाठ किंचित मागे ढकलावी, म्हणजे फरा फासळ्यांवर धरून ठेवणारे स्नायू कामाला लागतात. पाय रोवून, कंबर फिरवून हळू वेगाने फेकण्याचा सराव हाही व्यायामच. आठवड्यातून तीनदा दहा मिनिटे, सरावापूर्वी, सर्वांनी मिळून. कोणाचा खांदा दुखेल हे आधी सांगता येत नाही, म्हणूनच सर्वांनी.

आणि दुखण्याच्या तक्रारीकडे लक्ष द्यावे. सरावानंतर स्नायू जडावणे आणि एक-दोन दिवसांत मोकळे होणे स्वाभाविक आहे. पण फेकतानाच दुखते, दुसऱ्या सरावापर्यंत दुखणे ओसरत नाही, रात्री झोपमोड होते, फेकीचा वेग किंवा अचूकपणा एकाएकी कमी होतो, मूल गुपचूप खालून फेकू लागते, यांतले काहीही दिसले तर फेक थांबवावी आणि डॉक्टरांना दाखवावे. हाताला मुंग्या येणे, हात वर न जाणे किंवा खांद्याचा आकार बदललेला दिसणे यांत तर दिरंगाई करूच नये. या वयातली दुखणी वेळीच विश्रांती मिळाली तर बहुधा पूर्ण बरी होतात.

संघात निवड व्हावी म्हणून मुले दुखणे लपवतात, हे प्रत्येक क्रीडाशिक्षकाला माहीत असते. 'खांदा दुखतोय' म्हटल्यावर संघातून नाव जाणार नाही, फक्त वहीतला पुढच्या आठवड्याचा आकडा कमी होईल, एवढी खात्री मुलांना वाटली पाहिजे. मग ती आपणहून सांगतील, आणि तेही लवकर.